रात्री नदीत ‘धप्प’ झालं, तर काय करायचं

आमचा ऊस दूधगंगेच्या काठाला, मलिकवाडच्या बाजूला. थ्री फेज बहुतेक रात्रीचीच येते, म्हणून मोटर चालू करायला नदीवर जावं लागतं. त्यामुळंच हे सगळं डोळ्यांनी दिसतंय. उन्हाळ्यात धार तुटून डोह तेवढे उरले की जिलेटिनवाले येतात, म्हणजे पाण्यात जिलेटिनच्या कांड्या फोडून मासे मारणारे. आवाज फटाक्यासारखा नसतो. पाण्याखालून ‘धप्प’ होतं, पायाखालची माती हलल्यागत वाटतं, आणि मग टॉर्च पेटतात.

अशा वेळी खाली उतरायचं नाही. एकट्यानं तर मुळीच नाही. उसातच बसून वेळ बघायची, माणसं किती ते मोजायचं, गाडीचा नंबर दिसला तर टिपायचा आणि ११२ लावायचा. ‘काठ कुठला’ हे पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या इथं अलीकडं कर्नाटक आणि बंधारा ओलांडला की दत्तवाड, म्हणजे महाराष्ट्र. माझा फोन एकदा पलीकडचा टॉवर धरून भलतीकडंच लागला आणि गावाचं नाव समजावण्यातच दहा मिनिटं गेली. तोवर टॉर्च विझले होते. सकाळी काठावर न फुटलेली कांडी किंवा वायरचा तुकडा दिसला तर लांबून फोटो काढा, हात लावू नका.

पाण्यात वीज सोडून मासे मारणाऱ्या करंटवाल्यांचं आणखी वाईट. लाईनवर आकडा टाकून तार पाण्यात सोडतात. तिथं ओल्या काठावरही पाय ठेवायचा नाही. आधी हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, सांगून लाईन बंद करून घ्यायची, बाकीचं मागनं.

आता जाळ्यांचं. इथं मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकदा डोहात आडवं लावलेलं तंगुसाचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं बघून मी तावातावानं कापून काढलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ते आमच्याच गावातल्या भोयाचं, रीतसर परवान्याचं जाळं होतं. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पैसे दिले. ‘मालक, आस तरी बघायचासा की,’ एवढंच म्हणाला तो. आस म्हणजे जाळ्याचं भोक. तेव्हापासून आस बघतो. दोन बोटं सहज जात असतील तर बारकी पिल्लं सुटतात. मच्छरदाणीगत बारीक असेल, किंवा ओढ्याचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत बंद केलं असेल, तर गडबड आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला त्याच ओढ्यातनं वर चढतात. तरी जाळं आपण कापायचं नाही. आधी परवानेवाल्या भोयांना दाखवायचं. कुणाचं काय, ते त्यांना एका नजरेत कळतं. आणि चोरट्यांमुळं पहिलं पोट त्यांचंच मारलं जातंय.

बेवारस, फाटकं जाळं मुळांत अडकून महिनोन्महिने मारत राहतं. ते भोयांच्या मदतीनं काढा. आत कासव असेल तर ओढू नका. ते राहतंय पाण्यात, खरं श्वास हवेतनंच घेतंय, म्हणून आधी डोकं वर येऊ द्या. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते आणि चावा जबर. मागच्या बाजूनं पाठ धरायची आणि कात्रीनं एकेक दोरा कापायचा. दमलं असेल तर सावलीत, मागची बाजू जरा उंच करून ठेवायचं. मगर अडकली असेल तर तिथनं मागं सरा आणि वनखात्याला बोलवा.

तक्रार लेखी द्या, कन्नडमध्ये द्या. मराठीचा अभिमान घरात ठेवून मी हे सांगतोय. माझी शाळा मराठी, म्हणून मी किराणा दुकानातल्या पोराकडनं लिहून घेतो. एक प्रत मत्स्यखात्याला, एक पोलिसांना, आणि पोहोच घ्यायची. त्यात काय लिहिता त्यावर बरंच ठरतंय. १८९७ च्या मूळ मासेमारी कायद्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारल्याची शिक्षा जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. दोनशेला कोण भितंय? खरं मगर आणि मऊ पाठीची कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिथं तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड आहे. म्हणून मेलेलं कासव खरोखर दिसलं असेल तर फोटोसह ते ठळक लिहा आणि एक प्रत वनखात्यालाही द्या. नसेल दिसलं तर लिहू नका. एक खोटी ओळ सगळा अर्ज बुडवते.

बाजारातही काम आहे. सुरुंगाचा मासा वरनं चांगला दिसतो, खरं पोट फाडलं की आत रक्त साकळलेलं, हवेची पिशवी फुटलेली, काटा मधेच मोडलेला. आमच्या घरी बायकोच पहिल्यांदा ओळखते. ती त्या विक्रेत्याकडं परत जात नाही आणि का जात नाही, ते चार बायकांसमोर मोठ्यानं सांगते. या सगळ्या अर्जांपेक्षा त्याचा गुण लवकर येतो, असं माझं मत झालंय.

बेळगावात कॅम्पातल्या मार्केटला समुद्राचा मासा घेत असाल तर तिथंही विचारा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि एलईडी दिवे लावून मासे ओढायला केंद्रानं २०१७ पासूनच मनाई केलीय. जुलैत कुणी ‘ताजा, कालच्या ट्रॉलरचा’ म्हणाला तर बर्फातला तरी आहे किंवा चोरीचा तरी.

परवा पुन्हा आवाज आला. या वेळी भोयाची दोन पोरं माझ्याबरोबर उसात बसली होती, आणि फोन त्यांच्यातल्या एकानं लावला, कन्नडमध्ये.