एनएफएल संघाच्या ऑफसीझनचा आराखडा स्वतः कसा मांडावा

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अंतिम सामना, आटोपला की बहुतेक चाहते लगेच एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेऱ्याफेऱ्यांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, आपला संघ कोणाला घेईल याची यादी करायला बसतात. हा क्रम उलटा आहे. ड्राफ्ट हा ऑफसीझनच्या, म्हणजे दोन हंगामांमधल्या काळाच्या, मोठ्या निर्णयांपैकी जवळपास शेवटचा निर्णय असतो, आणि त्यात कोणाला घ्यायचे हे मार्चमध्ये कोणाला ठेवले, कोणाला सोडले आणि कोणाचे पैसे पुढे ढकलले यावर अवलंबून असते. एखाद्या संघाचा आराखडा वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये स्वतः मांडून पाहायचा असेल, तर संघबांधणीचे निर्णय घेणारा जनरल मॅनेजर ज्या क्रमाने विचार करतो त्याच क्रमाने जावे, आणि त्याची सुरुवात खेळाडूंच्या नावांनी न करता आकड्यांनी करावी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक आधीच लक्षात घ्यावा. तिथे एखाद्या नवख्या खेळाडूवर दोन संघांची चढाओढ झाली तर त्याची किंमत कोटींत जाऊ शकते. एनएफएलमध्ये ड्राफ्टमधून येणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूला संघ निवडता येत नाही आणि त्याचे मानधनही जवळपास ठरलेले असते. पुढचा बहुतेक हिशेब याच एका नियमाभोवती फिरतो.

पहिले पान: कॅपचा जमाखर्च

सॅलरी कॅप म्हणजे एका संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च दाखवावा याची कमाल मर्यादा. ती 1994 मध्ये लागू झाली तेव्हा 3.46 कोटी डॉलर होती. 2024 मध्ये ती 25.54 कोटी आणि 2025 मध्ये 27.92 कोटी डॉलर झाली. ती जवळजवळ दर वर्षी वाढते, पण 2021 मध्ये, आदल्या हंगामातली मैदाने कोविडमुळे रिकामी राहिल्याने, ती 19.82 कोटींवरून 18.25 कोटींवर घसरली होती आणि अनेक संघांची त्रेधा उडाली होती. आदल्या वर्षी न वापरलेली रक्कम संघाला पुढे नेता येते, त्यामुळे प्रत्येक संघाची प्रत्यक्ष मर्यादा थोडी वेगळी असते. आपल्या वहीत पहिली ओळ याच आकड्याची असावी.

आता प्रत्येक खेळाडूपुढे दोन रकाने करावेत. पहिल्यात त्याचा या वर्षीचा कॅप हिट, म्हणजे मर्यादेत मोजली जाणारी रक्कम, आणि दुसऱ्यात त्याला आज सोडल्यास अंगावर राहणारा डेड मनी. हे दोन आकडे वेगळे का असतात, हे समजले की अर्धे काम झाले. कराराच्या सुरुवातीला दिलेला सायनिंग बोनस खेळाडूच्या हातात लवकर पडतो, पण कॅपच्या खात्यात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान हप्त्यांत वाटला जातो.

समजा, एका खेळाडूचा चार वर्षांचा करार आहे, बोनस 4 कोटी डॉलर आहे आणि मूळ पगार अनुक्रमे 20 लाख, 1.2 कोटी, 1.6 कोटी आणि 2 कोटी आहे. बोनसचा दर वर्षीचा हप्ता 1 कोटी, म्हणून कॅप हिट 1.2, 2.2, 2.6 आणि 3 कोटी होतात. दोन वर्षांनंतर त्याला सोडले तर उरलेले दोन हप्ते एकदम अंगावर येतात. तिसऱ्या वर्षीचे 2.6 कोटी जातात, 2 कोटींचा डेड मनी येतो आणि हाती उरतात फक्त 60 लाख. तोच निर्णय 1 जूननंतरचा म्हणून नोंदवला तर या वर्षी एकच हप्ता मोजला जातो, 1.6 कोटी मोकळे होतात आणि उरलेला 1 कोटी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. मार्चमध्येच खेळाडूला मोकळे करून ही सवलत घ्यायची असेल तर ती एका संघाला दोनच खेळाडूंसाठी मिळते, आणि मोकळी झालेली रक्कम वापरायला जून उजाडावा लागतो. मार्चच्या बाजारात ते पैसे हाताशी नसतात, हे आराखडा करणारे हमखास विसरतात. मीही माझ्या पहिल्या वहीत जूनचे पैसे मार्चमध्ये खर्चून बसलो होतो.

दुसरा मार्ग फेररचनेचा. वरच्याच खेळाडूचा दुसऱ्या वर्षीचा 1.2 कोटी पगार घ्या, त्यातले 12 लाख पगार म्हणून ठेवा आणि उरलेले 1.08 कोटी बोनसमध्ये बदला. ते उरलेल्या तीन वर्षांवर 36 लाखांच्या हप्त्यांनी पसरतात, त्यामुळे यंदाचा हिट 2.2 कोटींवरून 1.48 कोटींवर येतो, म्हणजे 72 लाख सुटतात. खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही, उलट त्याचे पैसे त्याला लवकर मिळतात. पुढची दोन वर्षे मात्र प्रत्येकी 36 लाखांनी जड होतात. ही सरळसरळ उधारी आहे. कॅप दर वर्षी वाढत असल्यामुळे उधारी बऱ्याचदा परवडते, पण ती कोणाच्या नावावर घेतली हे महत्त्वाचे ठरते. तीन वर्षांनी जो नक्की संघात असेल त्याच्याच कराराची फेररचना करावी. तिशी ओलांडलेल्या आणि दुखापतींनी बेजार झालेल्या खेळाडूच्या नावावर उधारी करणे म्हणजे डेड मनीची आगाऊ नोंदणी. डेन्व्हर ब्रॉन्कोजने मार्च 2024 मध्ये रसेल विल्सनला सोडले तेव्हा सुमारे 8.5 कोटी डॉलरचा डेड मनी दोन वर्षांत विभागून सोसावा लागला. तो खेळाडू तोवर दुसऱ्या संघाकडून खेळत होता.

एक दिलासादायक नियम इथेच नोंदवून ठेवावा. ऑफसीझनमध्ये संघात 90 खेळाडू असू शकतात, पण हंगाम सुरू होईपर्यंत त्यांतले सर्वात महाग 51 जणच पूर्ण मोजले जातात. म्हणून ड्राफ्टमधल्या खेळाडूंसाठी लागणारी रक्कम दिसते तेवढी मोठी नसते. नवा खेळाडू यादीत वर आला की एक्कावन्नावा बाहेर पडतो आणि खर्च फक्त दोघांतल्या फरकाइतकाच वाढतो.

दुसरे पान: ठेवायचे कोणाला

ज्यांचे करार संपत आहेत अशा स्वतःच्या खेळाडूंची यादी आता करावी. मार्चच्या मध्यात नवे लीग वर्ष सुरू होते आणि त्याआधी दोन दिवस इतर संघांना त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करता येतात, त्यामुळे निर्णय त्यापूर्वीच व्हायला हवा. एखाद्याला कोणत्याही परिस्थितीत गमवायचे नसेल तर फ्रँचाइझ टॅग लावता येतो. त्या जागेवरच्या सर्वात महागड्या पाच खेळाडूंच्या आकड्यांवर आधारलेली ती एका वर्षाची रक्कम असते, तिचे हप्ते पडत नाहीत आणि टॅग लावल्या क्षणापासून ती पूर्ण मोजली जाते. मुळात टॅग वेळ विकत घेण्यासाठी आहे. जुलैच्या मध्यापर्यंत लांबचा करार झाला नाही तर तेवढ्याच पैशात एक वर्ष मिळते आणि पुढच्या मार्चमध्ये तोच प्रश्न अधिक महाग होऊन परत येतो.

सोडून दिलेला खेळाडू म्हणजे निव्वळ तोटा असे मात्र समजू नये. करार संपून गेलेल्या खेळाडूंचे मूल्य बाहेरून आणलेल्यांपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी संघाला भरपाई म्हणून निवडीचे हक्क मिळतात. दुसऱ्या संघाने करार मोडून सोडलेल्या खेळाडूला घेतले तर तो या हिशेबात धरला जात नाही. म्हणून हुशार संघ मार्चमध्ये अशाच खेळाडूंकडे आधी पाहतात.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळात न्यूयॉर्क जायंट्सचे चाहते बहुसंख्य आहेत, आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सॅक्वॉन बार्कलीचा विषय अजूनही निघतो. 2018 मध्ये जायंट्सने त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले, 2023 मध्ये टॅग लावला आणि 2024 मध्ये जाऊ दिले. शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला तीन वर्षांसाठी 3.775 कोटी डॉलरला घेतले, तो त्या हंगामात 2,005 यार्ड धावला आणि ईगल्सने फेब्रुवारी 2025 मध्ये कॅन्सस सिटीला 40-22 असे हरवून सुपर बोल जिंकला. सगळे 2024 च्या निर्णयाला बोल लावतात. माझ्या मते चूक त्याच्या सहा वर्षे आधीची आहे, आणि ती समजली की ड्राफ्टचे धोरण समजते.

तिसरे पान: ड्राफ्ट

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या करारनाम्यापासून नवख्यांचे मानधन निवडीच्या क्रमांकावरून ठरते. त्यापूर्वी 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7.8 कोटींचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2.2 कोटी मिळाले. मानधन क्रमांकावर ठरते, खेळाडूच्या जागेवर नाही, हा यातला कळीचा भाग. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) आणि दुसऱ्या क्रमांकाचा रनिंग बॅक यांना सारखेच पैसे मिळतात, पण खुल्या बाजारात चांगला क्वार्टरबॅक वर्षाला 5 कोटींहून अधिक घेतो आणि बहुतेक चांगले रनिंग बॅक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली मिळतात. ड्राफ्टमधून संघ प्रत्यक्षात विकत घेतो ती चार स्वस्त वर्षे, आणि ती किती स्वस्त पडली हे जागेच्या बाजारभावावरून ठरते. बार्कलीचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे 3.1 कोटींचा होता. रनिंग बॅकसाठी यात सवलत अशी फारशी नव्हतीच. ईगल्सने तोच खेळाडू एकही निवड खर्च न करता घेतला.

म्हणून आपल्या वहीत गरजेची यादी करताना प्रत्येक जागेपुढे बाजारभाव लिहावा. क्वार्टरबॅक, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), लेफ्ट टॅकल (त्याला अडवणारा), वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) या महागड्या जागा पहिल्या दोन फेऱ्यांत शोधाव्यात. सेफ्टी, गार्ड, टाइट एंड, रनिंग बॅक यांची भोके मार्चच्या बाजारात माफक पैशात बुजवून टाकावीत. तसे केले नाही तर एप्रिलमध्ये संघ रिकाम्या जागेच्या दबावाखाली निवड करतो आणि समोर आलेला सरस खेळाडू सोडून गरजेचा पण सुमार खेळाडू घेतो.

निवडींच्या देवघेवीसाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचा प्रशिक्षक जिमी जॉन्सनने वापरलेला गुणांचा तक्ता आजही पायाभूत मानला जातो. त्यात पहिल्या निवडीला 3,000 गुण आणि बत्तिसाव्या निवडीला 590 गुण आहेत. पुढे अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी आकडेवारीने दाखवले की संघ अगदी वरच्या निवडींना गरजेपेक्षा जास्त किंमत देतात. वर चढण्याची हौस आली की सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट आठवावी. 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी त्यांनी त्या वर्षीची बारावी निवड, पुढच्या दोन वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड मायामीला दिली. लान्स त्यांच्यासाठी चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. दरम्यान 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांचा क्वार्टरबॅक झाला. वर्षाला 10 लाखांच्या आतल्या पगाराच्या क्वार्टरबॅकमुळे इतर जागांवर महागडे खेळाडू सांभाळता आले आणि 2023 च्या हंगामात संघ सुपर बोलपर्यंत गेला. 2025 मध्ये पर्डीचा करार पाच वर्षांसाठी 26.5 कोटींचा झाला, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

मायामीला मिळालेल्या त्या निवडींपैकी 2022 ची निवड एकोणतिसावी ठरली, आणि ती आणखी चार निवडींसह कॅन्सस सिटीला गेली, वाइड रिसीव्हर टायरीक हिलच्या बदल्यात. हिलला मायामीने चार वर्षांचा 12 कोटींचा नवा करार दिला. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा दहा वर्षांचा 45 कोटींचा करार आधीच खात्यावर असलेल्या कॅन्सस सिटीने ती एकोणतिसावी निवड वर चढण्यासाठी वापरून कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीला घेतले, त्याच ड्राफ्टमध्ये जॉर्ज कार्लाफ्टिस आणि थेट सातव्या फेरीत आयझाया पाचेको मिळवले, आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅक महाग झाला की बाकीचा संघ स्वस्त वर्षांवर उभा करावा लागतो, आणि त्यासाठी लोकप्रिय खेळाडूलाही वेळेत विकण्याची तयारी लागते.

उलटे उदाहरणही वहीच्या समासात असू द्यावे. लॉस एंजेलिस रॅम्सने 2017 ते 2023 या काळात पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नाही, क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुपर बोल जिंकला. पण मधल्या आणि शेवटच्या फेऱ्यांतली त्यांची निवड चांगली होती, हे सोडून फक्त पहिली फेरी फुंकून टाकण्याचे अनुकरण करू नये.

ड्राफ्टनंतर

मेच्या सुरुवातीला, तीन हंगाम पूर्ण केलेल्या पहिल्या फेरीच्या खेळाडूंच्या चार वर्षांच्या कराराला जोडता येणारे पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे ठरवावे लागते. 2020 च्या करारनाम्यापासून ती रक्कम पूर्ण हमीची असते, म्हणून मन साशंक असेल तर नकार द्यावा. जूनमध्ये मोकळे झालेले पैसे ड्राफ्टमधल्या खेळाडूंच्या करारांसाठी आणि उरलेल्या एखाद्या अनुभवी खेळाडूसाठी ठेवावेत.

ऑगस्टच्या शेवटी 90 चे 53 होतात, आणि हंगाम सुरू झाला की 51 जणांची सवलत संपते. मग सगळे 53, सराव पथकातले खेळाडू आणि दुखापतींच्या यादीतले खेळाडूही मोजले जातात, शिवाय जखमी झालेल्याच्या जागी घेतलेल्याचा पगार वेगळा. त्यामुळे मार्चमध्ये वही शून्यावर बंद करू नये. निदान 80 लाख ते 1 कोटी डॉलर शिल्लक दाखवूनच पुढच्या ओळीकडे जावे, आणि ती शिल्लक राहत नसेल तर मार्चमधला सर्वात शेवटचा करार खोडावा.