जीवनसत्त्वांच्या गोळ्या अंगी लागाव्यात म्हणून त्या कशा घ्याव्यात

ठाण्याहून ऐरोलीला जाणारी सकाळची ट्रान्स हार्बर लोकल चुकू नये म्हणून मी चार महिने लोहाची गोळी ओट्यापाशी उभ्यानेच, चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळत होते. पुन्हा रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन जेमतेम हलले होते. डॉक्टरांनी गोळी बदलली नाही; ती कशाबरोबर घेता एवढेच विचारले आणि वेळ बदलून दिली. गोळीच्या कंपनीची आणि किमतीची आपण जितकी चौकशी करतो, तितकी ती कोणत्या वेळी आणि कशाच्या सोबतीने पोटात जाते याची करत नाही.

सुरुवात घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढण्यापासून करावी. त्यांत थायरॉइडची, मधुमेहाची आणि पित्ताची गोळीही धरावी, कारण शोषणाच्या निम्म्या अडचणी या सोबतिणींमुळेच येतात. प्रत्येक स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचून घटक कागदावर उतरवावेत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळतात, तर ब गटातली आणि क जीवनसत्त्व पाण्यात. लोह आणि कॅल्शियम ही खरे तर खनिजे आहेत. पण ती त्याच डबीत असतात आणि सर्वांत जास्त खोळंबा तीच करतात, म्हणून त्यांचा रकाना वेगळा आखावा.

पहिल्या चौघांसाठी नियम सोपा आहे: ती जेवणाबरोबर घ्यावीत आणि त्या जेवणात थोडा तरी स्निग्धांश असावा. स्निग्धांश पोटात गेला की पित्तरस सुटतो आणि त्याच्या मदतीने ही जीवनसत्त्वे आतड्यातून आत जातात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी अनेक घरांत रविवारी अनशापोटी पाण्याबरोबर घेतली जाते. तीच दुपारी वरणभात-तुपाबरोबर किंवा माशाच्या कालवणाबरोबर घेतली तर बरे. मात्र आठवड्याची गोळी चुकून रोज घेऊ नये, कारण जादा ड जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही आणि त्यामुळे रक्तातले कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते. (ऐरोली-महापे भागातल्या कार्यालयांत खिडकीपाशी बसून ऊन मिळते, असे माझ्या सहकाऱ्यांना वाटते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत.)

लोहाची गोळी हे खरे अवघड प्रकरण आहे. चहा-कॉफीतली द्रव्ये लोहाला धरून ठेवतात, दूध आणि कॅल्शियम त्याची वाट अडवतात, आणि आपल्याकडे सकाळ तर दुधाच्या चहानेच उजाडते. म्हणून गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक-दोन तास चहा टाळावा. ते सकाळी जमणे अशक्य असेल, तर गोळी सकाळी घेण्याचा हट्ट सोडावा. मी ती आता अकराच्या सुमारास, नाश्त्याला दोन तास उलटल्यावर, अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेते, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते. मळमळ होत असेल तर थोडे खाऊन घ्यावी. शोषण काहीसे कमी होईल, पण ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या गोळीपेक्षा ते केव्हाही चांगले. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नये. आणखी एक गोष्ट अशी, की लोहाची मोठी मात्रा पोटात गेल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते साधारण २४ तास पुढच्या लोहाला आत येऊ देत नाही. काही डॉक्टर ही गोळी एक दिवसाआड देतात ते याचमुळे. तरी हा बदल आपल्या मनाने करू नये, गरोदरपणात तर मुळीच नाही.

कॅल्शियमच्या स्ट्रिपवरचा मोठा आकडा फसवा असतो. कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम असे लिहिले असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते, आणि एका वेळी साधारण तेवढेच शरीराला नीट शोषता येते. त्यामुळे दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. कार्बोनेटला जठरातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबतच हवे. कॅल्शियम सायट्रेट मात्र कधीही चालते आणि नेहमी पित्ताची गोळी घेणाऱ्यांना तेच अधिक सोयीचे पडते. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी प्रतिजैविके चालू असताना हे अंतर किती हवे, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. लोह आणि कॅल्शियम एकाच गोळीत कोंबलेली ‘सर्वगुणसंपन्न’ मल्टिव्हिटॅमिन मी तरी विकत घेत नाही.

ब-१२ची गोष्ट निराळी आहे. जठरातल्या एका विशिष्ट प्रथिनाच्या आधाराने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम ब-१२ शोषले जाते, आणि उरलेल्यातले सुमारे एक टक्का आपसूक झिरपते. गोळीवर १,५०० मायक्रोग्रॅम लिहिलेले असते ते म्हणूनच. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी, तसेच शाकाहारी मंडळींनी, ब-१२ अधूनमधून तपासून घ्यावे. क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे: एक ग्रॅमहून मोठ्या मात्रेतले निम्म्याहून अधिक शोषलेच जात नाही.

साठवणीकडेही लक्ष द्यावे, विशेषतः खाडीकाठच्या या दमट शहरांत. गेल्या जुलैत गॅसच्या शेगडीवरच्या फळीतून संत्र्याच्या चवीच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढल्या, तर सुट्ट्या काढून ठेवलेल्यांवर तपकिरी ठिपके पडले होते आणि त्या डबीच्या तळाशी चिकटल्या होत्या. स्ट्रिपमधल्या मात्र जशाच्या तशा होत्या. म्हणून पावसाळ्यात आठवड्याभराच्या गोळ्या सोलून डबीत भरू नयेत आणि बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकून देऊ नये.

वेळापत्रक बसले की डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा रक्त तपासावे. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर त्यामुळे थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी थांबवावे. रक्त घ्यायला घरी येणारा मुलगा उपाशी आहात ना एवढेच विचारतो. बायोटिनचे आपणच आठवणीने सांगावे लागते.