पत्ते बरोबर मोजूनही पैसे का जातात? ब्लॅकजॅकमधल्या या चुका टाळा

मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला वाटतं, पत्तेमोजणी म्हणजे कुठली दश्शी उतरली आणि कुठली अजून बाहेर आहे ते ध्यानात ठेवणं. ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे एकवीस न ओलांडता कॅसिनोच्या डीलरपेक्षा एकवीसच्या जवळ जायच्या खेळात, पहिली गफलत इथेच होते. इथे एकही पान लक्षात ठेवायचं नसतं. हार्वे डबनर यांनी 1963 मध्ये मांडलेली आणि आयबीएमच्या ज्युलियन ब्राउन यांनी संगणकावर पारखलेली हाय-लो पद्धत फक्त एक आकडा सांभाळायला सांगते. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का दिसला की उणे एक. आकडा चढला म्हणजे मोठी पानं मागे उरली आहेत. मोठ्या पानांनी ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) दोघांनाही सारखाच लागतो, पण दीडपट मोबदला फक्त खेळाडूला मिळतो. शिवाय बारा ते सोळावर अडकलेल्या डीलरला पान ओढावंच लागतं आणि तो एकवीस ओलांडून फुटतो. सगळी मेख एवढीच आहे.

मूळ डावपेच, म्हणजे कुठल्या हातावर पान घ्यायचं आणि कुठल्यावर थांबायचं याचा तक्ता, पाठ नसताना मोजायला बसणं ही त्याहून महाग चूक. मेरीलँडमधल्या ॲबर्डीन लष्करी तळावरच्या बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅक्डरमॉट या चौघांनी साध्या टेबलावरच्या गणनयंत्रांवर हे गणित सोडवलं आणि 1956 मध्ये अमेरिकन सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात छापलं. संगणक न वापरता त्यांनी काढलेली उत्तरं जवळपास सगळी बरोबर निघाली, आणि या इतिहासात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. त्यानंतर एमआयटीत असलेल्या एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम 704 वर पुढचं गणित केलं आणि 1962 मध्ये पुस्तकातून मोजणी जगापुढे आणली. तरीही आज लोक डीलरची नक्कल करतात, म्हणजे सतरापर्यंत ओढत राहतात आणि घराला, म्हणजे कॅसिनोला, साधारण साडेपाच टक्के देऊन येतात. मूळ डावपेच बिनचूक खेळला तर बऱ्या नियमांच्या टेबलावर हा तोटा अर्ध्या टक्क्याजवळ येतो. तुमची गडबड कुठे होते ते पाहायला तीन हात पुरेत: डीलरच्या दश्शीसमोर सोळा, दुर्रीसमोर बारा, नव्वीसमोर एक्का-सत्ती. तिन्हींत पान घ्यायचं असतं आणि तिन्हींत हात कचरतो.

घरी मोजताना आकडा जुळत नसेल तर वेग वाढवू नका. कॅट पिसून एक पान न बघता बाजूला ठेवा आणि उरलेली 51 मोजा. शेवटी अधिक एक आलं तर लपलेलं पान दश्शी, चित्र किंवा एक्का. उणे एक आलं तर लहान पान, शून्य आलं तर मधलं. पान उलटून ताळा करा. चूक बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होते: सत्ती-अठ्ठी-नव्वीला नकळत किंमत दिली जाते, किंवा उणे आकड्यावरून शून्य ओलांडताना चिन्ह बदलतं. पानं जोडीने पाहायची सवय लावा. राजा आणि पंजी एकत्र दिसले की शून्य, पुढे चला.

घरी जमलेलं टेबलावर बिघडतं, कारण तिथे एक कॅट नसतो. मोजणारे वाढले तसे कॅसिनोंनी सहा-आठ कॅट एकत्र करून शू नावाच्या पेटीतून वाटायला सुरुवात केली. चालू आकडा अधिक सहा आणि चार कॅट शिल्लक, तर खरा आकडा, म्हणजे चालू आकडा भागिले शिल्लक कॅट, फक्त दीड. भागाकार विसरून सहावर पैज वाढवणारा माणूस घर अजून जवळपास बरोबरीत असताना पैसे ओततो. खऱ्या आकड्याची एक पायरी साधारण अर्धा टक्का देते, आणि पहिली पायरी घराचा मूळ फायदा फेडण्यातच जाते.

इन्शुरन्सबद्दल, म्हणजे डीलरचा एक्का दिसत असताना त्याचं झाकलेलं पान दहाचं आहे या वेगळ्या पैजेबद्दल, थोडक्यात: खरा आकडा अधिक तीन झाल्याशिवाय घेऊ नका. हातात वीस आहे म्हणून ते ‘वाचवायला’ घेणं तर उलटंच, कारण डीलरला हवी असलेली दोन पानं तुमच्याच हातात आहेत.

आता पैशाचं. एक टक्का फायदा असताना 100 हातांत सरासरी कमाई एका पैजेएवढी, पण नेहमीचा चढउतार अकरा-साडेअकरा पैजांचा. म्हणजे सगळं अचूक करूनही हरून उठणं अगदी सामान्य आहे. थॉर्प म्हणूनच बेल लॅब्जच्या जॉन केली यांच्या सूत्राकडे वळले: एवढ्या फायद्यावर पूर्ण भांडवलाचा पाऊण टक्का, त्याहून जास्त पैज नको. दोन श्रीमंत जुगाऱ्यांचे 10,000 डॉलर घेऊन नेव्हाडात गेले तेव्हाही त्यांनी सुरुवात किरकोळ पैजांनी केली. हरल्यावर पैज दुप्पट करणाऱ्याला ही मोजणी वाचवत नाही.

बसण्याआधी टेबलावरची पाटी वाचा. 1964 मध्ये लास व्हेगासने मोजणाऱ्यांच्या धास्तीने डबल (पैज दुप्पट करून एकच पान घेणं) आणि स्प्लिट (जोडीच्या पानांचे दोन हात करणं) यांवर बंधनं आणली. गिऱ्हाईक पळालं आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. आताची युक्ती जास्त शांत आहे: ब्लॅकजॅकला तीनास दोनऐवजी सहास पाच. 100 रुपयांवर 150 ऐवजी 120. घराचा फायदा त्याने सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो, आणि तो भरून काढतानाच मोजणीचा दम संपतो. पानं सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजूच नका.

फोन खिशातच राहू द्या. नेव्हाडात 1985 पासून मोजायला उपकरण वापरणं गुन्हा आहे. डोक्यात मोजणं गुन्हा नाही, पण तिथला कॅसिनो तुम्हाला उठवू शकतो. पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये निकाल दिला, की कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने मोजणाऱ्याला बाहेर ठेवता येत नाही. तो निकाल त्या राज्यापुरताच. तो दाखला देऊन गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर वाद घालू नका.

गोव्यात तर हिशेबच वेगळा. कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 टक्क्यांवर गेला. शिवाय पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. चिप्स घेण्याआधी जीएसटी तुमच्या खिशातून जातो की घराच्या, ते खिडकीवरच विचारा. तुमच्या खिशातून जात असेल तर मोजायचं काही उरतच नाही.