ई-मेलची नोटिफिकेशन्स आवरणारे ॲप कसे बनवावे आणि स्टोअरवर कसे आणावे

कामाचा मेल आला की फोन वाजावा आणि जाहिराती, पावत्या, न्यूजलेटर ठरलेल्या वेळी एकगठ्ठा दिसावीत, असे ॲप बनवणे वरवर सोपे वाटते. नियम लिहिणे खरेच सोपे आहे. अवघड गोष्ट वेगळी आहे. फोन गप्प आहे तो नियमामुळे, की मागे काही बंद पडल्यामुळे, हे वापरणाऱ्याला कळत नाही. एक नको असलेला मेल वाजला तर तो चिडेल, पण मुलाखतीचा एक मेल हुकला तर ॲप काढूनच टाकेल. म्हणून पहिल्या दिवसापासून एक धोरण ठरवा: शंका आली की वाजवा.

१. रस्ता निवडा

अँड्रॉइडवर नोटिफिकेशन लिसनर ही सिस्टिमची सेवा वापरून दुसऱ्या ॲपची नोटिफिकेशन्स वाचता आणि हटवता येतात. त्यासाठी सर्व्हर लागत नाही आणि मेलच्या खात्याची परवानगीही लागत नाही. पण नोटिफिकेशनवर जेवढे दिसते तेवढेच तुमच्या हाती येते. पाठवणाऱ्याचे नाव मिळते, पत्ता बहुधा मिळत नाही. शिवाय नोटिफिकेशन आल्यावर तुम्ही ते हटवणार, म्हणजे तोवर आवाज होऊन गेलेला असू शकतो. आयफोनवर तर ॲपला दुसऱ्या ॲपची नोटिफिकेशन्स वाचताच येत नाहीत.

दोन्ही फोनवर चालणारे ॲप हवे असेल तर आपल्या सर्व्हरनेच मेलच्या खात्यावर लक्ष ठेवायचे आणि वाजवायचे की नाही ते ठरवायचे. पुढच्या पायऱ्या या रस्त्याच्या आहेत.

२. खात्याची परवानगी

जीमेलसाठी ओऑथ वापरा, म्हणजे पासवर्ड न घेता गूगलच्या पानावरूनच परवानगी घेण्याची पद्धत. लॉगिनचे पान ॲपमधल्या वेबव्ह्यूत (ॲपच्याच आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत) उघडू नका, गूगल ते अडवते. त्याऐवजी फोनचा ब्राउझर वापरणारे मार्ग घ्या: अँड्रॉइडवर कस्टम टॅब आणि आयफोनवर एएस वेब ऑथेंटिकेशन सेशन.

परवानगी कमीत कमी मागा. नियमांसाठी पाठवणारा, विषय आणि लेबल पुरत असतील तर मेटाडेटाचा (मेलच्या वरवरच्या माहितीचा) स्कोप, म्हणजे तेवढीच परवानगी घ्या, मेलचा मजकूर मागू नका. मात्र हा स्कोपही गूगलच्या प्रतिबंधित यादीतच येतो आणि त्यात शोध-वाक्य वापरून मेल गाळता येत नाहीत. प्रतिबंधित स्कोपचा डेटा सर्व्हरवर येत असेल तर पडताळणीसोबत सुरक्षा-तपासणीही करून घ्यावी लागते. स्वतःच्या डोमेनवरचे मुखपृष्ठ, गोपनीयता धोरण आणि परवानगी कुठे वापरली जाते हे दाखवणारा व्हिडिओ, एवढी तयारी लागते. याला काही आठवडे सहज जातात, म्हणून अर्ज ॲप पूर्ण होण्याआधीच टाका.

तोवर गूगलकडे नोंदवलेला तुमचा प्रकल्प 'चाचणी' स्थितीत राहतो. त्यात १०० चाचणी-खाती जोडता येतात, आणि रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता खाते जोडलेले ठेवणारी किल्ली) ७ दिवसांत बाद होते. आठवड्याने सगळ्यांची नोटिफिकेशन्स एकदम थांबली की कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी हे तपासा. पासवर्ड बदलल्यावरही जीमेलचे टोकन रद्द होते. अशा वेळी ॲपने स्पष्ट सांगावे: 'खाते तुटले आहे, पुन्हा जोडा.'

३. नवा मेल ओळखणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. जीमेलच्या 'वॉच' या विनंतीने मेलबॉक्समधल्या बदलांची सूचना क्लाउड पब-सब या गूगलच्या संदेश पोचवणाऱ्या सेवेतल्या टॉपिकवर (तुम्ही बनवलेल्या संदेश-वाहिनीवर) येऊ लागते. त्याआधी त्या टॉपिकवर प्रकाशित करण्याचा अधिकार जीमेलच्या सर्व्हिस अकाउंटला (माणसाऐवजी सेवेच्या नावाने असलेल्या खात्याला) द्यावा लागतो.

येणाऱ्या संदेशात मेल नसतो. फक्त खात्याचा पत्ता आणि हिस्टरी आयडी, म्हणजे मेलबॉक्समधल्या बदलांच्या नोंदीतला क्रमांक असतो. नवे काय आले हे हिस्टरीची यादी मागवून काढायचे. बहुतेकांची चूक इथेच होते: संदेशातला आयडी सुरुवात म्हणून दिला जातो, आणि यादी रिकामी येते. सुरुवात करायची ती तुमच्याकडे शेवटच्या वेळी साठवलेल्या आयडीपासून. यादी पानांमध्ये येते. सगळी पाने वाचून झाल्यावरच नवा आयडी साठवा. साठवलेला आयडी फार जुना झाला तर ४०४ ('सापडले नाही') हे उत्तर मिळते, मग अलीकडचे मेल नव्याने वाचून ताळमेळ घाला.

पब-सब तोच संदेश दोनदा देऊ शकते आणि क्रमाची हमीही नसते. म्हणून प्रत्येक मेलचा आयडी नोंदवा आणि आधी वाजवलेला मेल पुन्हा वाजवू नका.

वॉचची मुदत ७ दिवसांत संपते. संपल्यावर कुठलीही चूक दिसत नाही, संदेश यायचे थांबतात एवढेच. ते रोज एकदा नव्याने लावा. जोडीला दर काही मिनिटांनी धावणारे राखीव काम ठेवा: ज्या खात्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ शांतता आहे त्याची हिस्टरी स्वतःहून मागवायची.

इतर खात्यांसाठी आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीत 'आयडल' ही आज्ञा आहे: जोडणी उघडी ठेवली की नवा मेल आल्याचे सर्व्हर स्वतः कळवतो. जोडणी तुटू नये म्हणून ही आज्ञा २९ मिनिटांच्या आत पुन्हा द्यावी लागते. हे कामही आपल्या सर्व्हरवरच ठेवा. फोनवर ठेवलेली जोडणी अँड्रॉइडचा डोझ मोड (फोन पडून असताना बॅटरी वाचवणारी स्थिती) तोडतो.

४. नियम

सुरुवातीला तीनच कप्पे द्या: लगेच, एकत्र, गप्प. एखाद्या पाठवणाऱ्यासाठी नियम नसेल, दोन नियम एकमेकांशी भांडत असतील किंवा सर्व्हर वेळेत ठरवू शकला नाही, तर मेल 'लगेच'मध्ये जाईल. ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याचे मेल 'एकत्र'मध्ये अडकले तर त्यांचा उपयोगच संपतो. त्यांना वेगळी वाट द्या.

शांत वेळ साठवताना घड्याळाचा फरक साठवू नका, टाइम झोनचे नाव साठवा. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशात फरक वर्षातून दोनदा बदलतो आणि सकाळचा गठ्ठा तासभर सरकतो.

ॲपमध्ये 'का वाजले, का नाही' असे एक पान हवेच. प्रत्येक मेलपुढे कोणता नियम लागला ते लिहा आणि तिथूनच नियम बदलू द्या. विश्वास बसतो तो या पानामुळे.

५. फोनवर वाजवणे

अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक नोटिफिकेशनला चॅनल, म्हणजे स्वतःच्या आवाज-सेटिंग्ज असलेला गट लागतो. चॅनल एकदा बनला की त्याचे महत्त्व ॲपला कोडमधून वाढवता येत नाही, ते फक्त वापरणाऱ्याच्या हातात राहते. चॅनल हटवून त्याच आयडीने पुन्हा बनवला तर जुन्याच सेटिंग्ज परत येतात. म्हणून 'लगेच' आणि 'एकत्र' यांचे वेगळे चॅनल पहिल्याच आवृत्तीत नीट ठरवा.

अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी विचारावी लागते. दोनदा नकार आला की सिस्टिम पुन्हा खिडकीच दाखवत नाही. ॲप उघडताक्षणी विचारू नका. खाते जोडून पहिला नियम बनल्यावर विचारा.

एफसीएममध्ये (सर्व्हरवरून फोनवर संदेश पाठवणारी गूगलची सेवा) 'लगेच'च्या मेलना हाय प्रायॉरिटी द्या, बाकीच्यांना नॉर्मल. संदेश ४०९६ बाइटच्या आत बसला पाहिजे, त्यामुळे फक्त आयडी पाठवून तपशील फोनवर मागवणे बरे. आयफोनवर यासाठी नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेंशन असते, म्हणजे नोटिफिकेशन दिसण्याआधी चालणारा ॲपचा छोटा भाग. सायलेंट पुशवर (न वाजता ॲपला मागे जागे करणाऱ्या संदेशांवर) विसंबू नका, ॲपल त्यांची संख्या आवळते. लॉक स्क्रीनवर विषय दिसावा की नाही, हा पर्याय पहिल्यापासून द्या.

सुरुवातीच्या काळातली नेहमीची तक्रार असते 'दोनदा वाजतो'. मूळ मेल ॲपही वाजत असते आणि तुमचे ॲप ते बंद करू शकत नाही. खाते जोडल्यावर लगेच ते बंद करण्याच्या पायऱ्या दाखवा. पण तुमचे एक चाचणी-नोटिफिकेशन फोनवर पोचल्याची खात्री झाल्यानंतरच.

६. चाचणी आणि स्टोअर

चाचणीत मुद्दाम बिघाड करा. टोकन रद्द करा, वॉच संपू द्या, सर्व्हर दहा मिनिटे बंद ठेवा, फोन रात्रभर हलवू नका. प्रत्येक वेळी वापरणाऱ्याला काय दिसते ते पाहा. त्याला काहीच दिसत नसेल तर ते काम अपुरे आहे.

गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला खुल्या प्रकाशनाआधी ॲप वापरून पाहणाऱ्या किमान १२ जणांसह सलग १४ दिवस बंद चाचणी करावी लागते. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणी-सेवेवर टाकलेली आवृत्ती ९० दिवस चालते. स्टोअरच्या परीक्षणासाठी मेल भरलेले तयार डेमो खाते द्या आणि त्यावरची दोन टप्प्यांची पडताळणी स्टोअरच्या परीक्षकाला अडवणार नाही असे पाहा. ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच हटवण्याची सोय दोन्ही स्टोअरना हवी असते. हटवताना वॉच थांबवा, टोकन रद्द करा, साठवलेले विषय पुसा. गूगल प्लेचा डेटा सेफ्टीचा अर्ज (ॲप कोणती माहिती घेते याचे निवेदन) आणि गोपनीयता धोरण यांत एकच गोष्ट लिहिलेली असू द्या.

टप्प्याटप्प्याने वितरणाची सोय दोन्हीकडे फक्त अपडेटला मिळते, पहिल्या आवृत्तीला नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीची गर्दी सर्व्हरवरच आवरा: ठरावीक खाती जोडून घ्या, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत ठेवा. मेल आल्यापासून फोन वाजेपर्यंत किती सेकंद गेले आणि किती खात्यांचे वॉच जिवंत आहे, हे दोन आकडे स्थिर दिसले की यादीतले पुढचे लोक घ्या. नियम ठरवणारा कोड सर्व्हरवर असल्याने त्यातला बदल एका क्षणात सगळ्यांना लागतो, स्टोअरचे टप्पे त्याला लागू होत नाहीत. तो बदलही आधी मोजक्या खात्यांवर चालवा आणि एका स्विचने मागे घेता येईल असा ठेवा.