पूर्व, पूर्वी, आधी, माजी : गोव्यात मराठी मजकूर लिहिताना

देवस्थानाची नोटीस असो, पंचायतीचे पत्र असो की स्मरणिकेतला लेख, ‘आधीचे’ सांगणारा शब्द आला की स्वतःला विचारावे: कशाच्या आधीचे? मराठीत या कामाला बरेच शब्द आहेत, पण एकाच्या जागी दुसरा घातला की अर्थ बिघडतो.

सर्वाधिक गोंधळ ‘पूर्व’ आणि ‘पूर्वी’ यांचा. ‘पूर्व’ जोडला की विशेषण तयार होते. त्याच्यामागचा शब्द मूळ रूपात राहतो आणि पुढे नाम येते: निवडणूकपूर्व युती, मान्सूनपूर्व कामे, विवाहपूर्व समुपदेशन. ‘पूर्वी’ हा ‘केव्हा?’ याचे उत्तर देतो आणि मागच्या शब्दाचे सामान्यरूप करतो: निवडणुकीपूर्वी युती झाली, पावसाळ्यापूर्वी गटारे उपसली. ‘पावसाळ्यापूर्व कामे’ किंवा ‘निवडणुकीपूर्व युती’ ही रूपे चूक, कारण त्यांत सामान्यरूप एका नियमाचे आणि शेवट दुसऱ्याचा. ‘पावसाळापूर्व कामे’ लिहा, नाहीतर ‘पावसाळ्यापूर्वीची कामे’. दोन्ही वेळा शब्द जोडूनच लिहायचा.

गोव्यात रोज लागणाऱ्या एका शब्दाकडे इथे नीट पाहायला हवे. ‘मुक्तिपूर्व’मधला ‘ति’ ऱ्हस्व, तर ‘मुक्तीपूर्वी’मधला ‘ती’ दीर्घ. तत्सम शब्द समासात पहिला आला की त्याची मूळची ऱ्हस्व वेलांटी टिकते, जशी मुक्तिदिन, मुक्तिसंग्राम यांत. सुटा शब्द मात्र मराठीत ‘मुक्ती’ असा दीर्घान्त, आणि ‘पूर्वी’ त्या रूपाला लागतो. म्हणून ‘मुक्तिपूर्व काळातील शाळा’, पण ‘मुक्तीपूर्वी सुरू झालेली शाळा’.

आता कशाच्या पूर्वी, हा प्रश्न. महाराष्ट्रातल्या मजकुरात ‘स्वातंत्र्यपूर्व’ म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या आधीचे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. मधल्या चौदा वर्षांत गोव्यात घडलेल्या गोष्टीला ‘स्वातंत्र्यपूर्व’ म्हटले तर वाचक ती १९४७ च्या मागे ढकलतो, ‘स्वातंत्र्योत्तर’ म्हटले तर पोर्तुगीज राजवट पुसली जाते. अशा ठिकाणी ‘मुक्तिपूर्व’च लिहावे आणि पहिल्या उल्लेखात साल द्यावे.

‘पोर्तुगीजपूर्व’ हा शब्द याहून फसवा. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली, बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये; फोंडा, पेडणे, सत्तरी मात्र अठराव्या शतकात. फोंड्यातल्या देवळाला नुसते ‘पोर्तुगीजपूर्व’ म्हटले तर अडीचशे वर्षांचा फरक पडू शकतो. त्यामुळे तालुका आणि शतक दोन्ही लिहिणे भाग आहे. स्थलांतरित देवाच्या बाबतीत ‘पूर्वीचे देऊळ’ म्हणू नये. त्याच जागी आधी असलेले देऊळ असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे ‘मूळस्थान’ हा नेमका शब्द आहे: मंगेशाचे मूळस्थान कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळशी. मुद्रिते तपासताना ‘पूर्वेचे’ आणि ‘पूर्वीचे’ हेही डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘पूर्वेचे देऊळ’ दिशा सांगते, ‘पूर्वीचे देऊळ’ काळ.

‘पहिले मुख्यमंत्री’ लिहितानाही संदर्भ लागतोच. दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला तेव्हा मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे.

‘पूर्वी’ सुटा आला तर त्याचा अर्थ ‘गेल्या काळात’: पूर्वी इथे फेरीबोट होती. ‘आधी’ सुटा आला तर क्रम कळतो: आधी अर्ज भरा, मग पैसे. गोव्यात इथे आणखी एक खड्डा आहे. कोकणीत ‘आदीं’ म्हणजे पूर्वी, आणि त्या सवयीने मराठीतही हात ‘आदी’ लिहून जातो. मराठीत ‘आदी’ म्हणजे वगैरे. ‘सरपंच, पंच आदी उपस्थित होते’ हे बरोबर; ‘सभेच्या आदी सही करावी’ हे चूक, तिथे ‘आधी’ किंवा ‘अगोदर’ हवे.

तारखांत ढिलाई झाली तर लोकांचे नुकसान होते. ‘१५ तारखेपूर्वी अर्ज द्यावा’ याचा अर्थ १४ हा शेवटचा दिवस. १५ तारीख धरायची असेल तर ‘१५ तारखेला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत’ असे लिहावे. ‘बैठक पुढे घेतली’ हे कोणी लांबवली असे वाचतो, कोणी लवकर घेतली असे. लांबवली तर ‘पुढे ढकलली’, लवकर ठेवली तर ‘ठरल्या तारखेआधी घेतली’ म्हणावे, आणि जुनी-नवी दोन्ही तारखा द्याव्या. ‘परवा’ मागचाही असतो नि पुढचाही; सूचनेत तो नकोच. ‘पूर्वसंध्या’ म्हणजे आदल्या दिवसाची संध्याकाळ: मुक्तिदिनाची पूर्वसंध्या १८ डिसेंबरला. चार दिवस आधीच्या कार्यक्रमाला ‘मुक्तिदिनानिमित्त’ पुरते.

माणसांबद्दल लिहिताना ‘माजी’ म्हणजे आधी कधीही ते पद भूषवलेला, ‘मावळते’ म्हणजे नुकतेच पद सोडणारे किंवा सोडलेले. ‘पूर्वसूरी’ विद्येच्या आणि कलेच्या परंपरेतले. आधीच्या सरपंचाला तो शब्द शोभत नाही. लग्नाआधीच्या नावासाठी ‘पूर्वाश्रमीच्या’ रूढ आहे.

जत्रेच्या पत्रिकेत ‘पूर्वरंग’ येतो तेव्हा कुठला ते पाहावे. कीर्तनात नमन, मग मुख्य अभंग आणि त्याचे निरूपण हा पूर्वरंग. मध्ये नामगजर होतो, बुवांना हार घालून बुक्का लावतात, आणि मग उत्तररंगात आख्यान. दशावतारात पूर्वरंग म्हणजे आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. त्यानंतर आख्यान. दोन्हीकडे हा कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून दीपप्रज्वलनाला आणि पाहुण्यांच्या भाषणांना ‘पूर्वरंग’ म्हणू नये. वेळ छापताना ती पूर्वरंगाची छापावी. ‘आख्यान ९ वाजता’ छापले तर लोक नऊला येतात आणि पूर्वरंग रिकाम्या मांडवात होतो.

आदरपूर्वक, विचारपूर्वक यांतल्या ‘पूर्वक’चा अर्थ ‘सह’. काळाशी संबंध नाही. ‘अभूतपूर्व’ म्हणजे आजवर कधीच न झालेले, तेव्हा दरवर्षीच्या गर्दीला ‘मोठी’ म्हणावे. ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ म्हणजे मागच्या तारखेपासून लागू. ‘१ एप्रिलपासून पूर्वलक्षी प्रभावाने’ असे लिहिले असेल तर आदेशाची तारीख १ एप्रिलनंतरची हवी. ती आधीची असेल तर ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ हे शब्द काढून टाकावेत.