कमांड लाइनवरून पायथनचे पॅकेज तपासून अपग्रेड कसे करावे

पॅकेज (म्हणजे आपल्या प्रोग्रामला वापरता येणारा तयार कोड) अपग्रेड करूनही प्रोग्राम जुनीच आवृत्ती दाखवत असेल, तर बहुतेक वेळा संगणकावर एकाहून अधिक पायथन असतात आणि नवे पॅकेज भलत्याच पायथनमध्ये बसलेले असते. म्हणून पॅकेजे बसवणाऱ्या पिप या साधनाला आज्ञा देताना नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ असे लिहावे. आज्ञेत ज्या पायथनचे नाव घेतले, त्याच्यासाठीच मग पिप काम करतो. लिनक्स व मॅकवर ‘पायथन३’ आणि विंडोजवर ‘पाय’ असे लिहावे लागू शकते. येथील आज्ञा वाचण्यासाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रथम ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. उत्तरादाखल आलेल्या ओळीत पिपची आवृत्ती, तो ज्या फोल्डरात आहे त्याचा मार्ग आणि कंसात पायथनची आवृत्ती दिसते. हा मार्ग ओळखीचा नसेल, तर तिथेच थांबून योग्य पायथन शोधावा.

आता ‘पायथन -एम पिप शो नमपाय’ असे विचारावे (नमपाय हे आकडेमोडीचे पॅकेज येथे उदाहरणादाखल घेतले आहे). आवृत्ती आणि जागा यांखेरीज शेवटी येणारी ‘रिक्वायर्ड-बाय’ ही ओळ अवश्य वाचावी, कारण या पॅकेजवर इतर कोणकोणती पॅकेजे विसंबून आहेत ते तिथे कळते. येथे इन्स्टॉल करतानाचे नाव द्यावे लागते, इम्पोर्ट करतानाचे नाही: प्रोग्राममध्ये ‘पीआयएल’ म्हणून येणारे पॅकेज पिपला ‘पिलो’ या नावाने ठाऊक असते.

‘पायथन -एम पिप लिस्ट --आउटडेटेड’ ही आज्ञा मागे पडलेल्या सर्व पॅकेजांची सध्याची व नवी आवृत्ती शेजारी शेजारी दाखवते. ही यादी पाहून सगळेच एकदम अपग्रेड करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली तेव्हा जुन्या १.x मालिकेसाठी कंपाइल केलेली कित्येक पॅकेजे तिच्याबरोबर चालेनाशी झाली. आवृत्तीचा पहिलाच आकडा बदलत असेल, तर बदलांची नोंद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अपग्रेडपूर्वी ‘पायथन -एम पिप फ्रीझ > जुने.टीएक्सटी’ या आज्ञेने सध्याच्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये जपून ठेवावी. काही बिघडले, तर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर जुने.टीएक्सटी’ असे लिहून त्या आवृत्त्या परत आणता येतात. यादी जपून झाली की ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड नमपाय’ ही मुख्य आज्ञा द्यावी. १.x मालिकेतच राहायचे असेल, तर नावाच्या जागी "नमपाय<२" असे दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे, कारण अवतरणचिन्हे नसतील तर शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्राम) ‘<’ या चिन्हाचा अर्थ फाइलमधून मजकूर घेणे असा लावते.

डेबियन किंवा उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांवर ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ अशी चूक दिसली, तर तो पायथन खुद्द यंत्रणेचा आहे असे समजावे. चूक कळवणाऱ्या संदेशातच सुचवलेला ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्याय वापरू नये. त्याऐवजी ‘पायथन३ -एम व्हीएन्व्ह काम’ असे लिहून ‘काम’ नावाचे स्वतंत्र वातावरण तयार करावे, ‘सोर्स काम/बिन/ॲक्टिव्हेट’ने ते सुरू करावे आणि लागणारी पॅकेजे त्यातच बसवावीत.

अपग्रेड झाल्यावर ‘पायथन -एम पिप चेक’ चालवावे. पॅकेजांच्या परस्पर अटींत विसंगती असेल, तर ती नावानिशी कळते. मात्र ही तपासणी अटींपुरतीच असल्याने आपला प्रोग्राम स्वतः चालवून पाहावा लागतो. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामने किंवा नोटबुकने (कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या पानाने) जुनी आवृत्ती मेमरीत धरून ठेवलेली असते, तेव्हा ते बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मगच नवी आवृत्ती दिसते का ते पाहावे.