एएफएमसीला अर्ज करताय? मग या चुका टाळा

नीटचा निकाल लागला की साताऱ्यातून आणि आसपासच्या गावांतून मला फोन यायला लागतात. आर्मी मेडिकल कोअरमधून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं वैद्यकीय तपासणीला आलेल्या पोरांची उंची, वजन, नजर मोजण्यात गेली. त्यामुळे फोन करणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे काहीतरी आतली बातमी असेल. आतली बातमी काही नसते. जे आहे ते सगळं माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. पण ती पुस्तिका आधी वाचून मग फोन करणारा क्वचितच भेटतो, आणि दरवर्षी त्याच त्या चुकांपायी चांगली हुशार पोरं पुण्याहून रिकाम्या हाताने परत येतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्यात वानवडीला, सोलापूर रस्त्यावर सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेच एएफएमसी. १९४८ मध्ये ते स्थापन झालं आणि १९६२ पासून तिथे एमबीबीएस सुरू आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी १४५ जागा असतात, ११५ मुलांच्या आणि ३० मुलींच्या. महाराष्ट्रात असलं तरी महाराष्ट्राच्या पोरांना वेगळा कोटा नाही, देशभरातल्या मुलांशी स्पर्धा आहे. शिकवणीची फी लागत नाही. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करायचं असतं. म्हणजे दिसायला प्रवेश असला तरी ही भरती आहे. सरकार खर्च करतं ते त्याला पुढे लष्करी डॉक्टर हवा असतो म्हणून. हे एवढं ज्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं बसलं, त्याच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

शरीराची तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

मला सगळ्यात जास्त त्रास या चुकीचा होतो. कारण यात पोराच्या अभ्यासाचा काही दोष नसतो.

खटाव तालुक्यातला एक मुलगा. वडील एसटीत चालक. नीटला उत्तम गुण, बोलणं नीटनेटकं, अंगानं काटक. दहावीपासून चष्मा होता. कुणीतरी त्याला सांगितलं की चष्मेवाल्याला फौजेत घेत नाहीत. बारावीची परीक्षा झाल्या झाल्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं आणि पोराच्या डोळ्यांचं लेझर करून आणलं. तेव्हा त्याचं वय होतं अठरा. वर कुणीतरी सल्ला दिला की तपासणीत ऑपरेशनचं सांगू नकोस, चष्मा गेला म्हणजे कुणाला काय कळतंय. त्याने अर्जात आधीच्या शस्त्रक्रियांच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं.

आता तपासणीत काय होतं ते सांगतो. डोळ्यांचे डॉक्टर पोराची हनुवटी एका यंत्रावर टेकवतात आणि उजेडाची बारीक फट बुबुळावर सोडतात. स्लिट लॅम्प म्हणतात त्याला. लेझरच्या वेळी बुबुळावरचा जो पातळ पापुद्रा उचललेला असतो, त्याची कड त्या उजेडात दिसते. अनुभवी डॉक्टरला ती दिसायला फार वेळ लागत नाही. नियम असा आहे की लेझर झालं असेल तर ते वयाच्या वीस वर्षांनंतर झालेलं हवं आणि त्याला बारा महिने उलटून गेलेले हवेत. या पोराचं दोन्हींत बसत नव्हतं, वर खोटं लिहिलेलं. वडील फाईल घेऊन माझ्याकडे आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फाईलमध्ये त्याच्या जुन्या चष्म्याचा नंबर होता. ठरावीक मर्यादेपर्यंतचा चष्मा चालतो, आणि त्याचा नंबर त्या मर्यादेच्या आत होता. चष्मा घालून गेला असता तर तो नजरेत पास झाला असता. कर्ज काढून त्यांनी पोराला अपात्र करून आणलं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पुस्तिकेतला वैद्यकीय निकषांचा भाग छापून घ्या आणि ओळखीच्या डॉक्टरांसमोर ठेवून पोराला डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्या. डोळ्यांचा नंबर आणि रंगांची ओळख लिहून घ्या. दात मोजून घ्या, दातांनाही गुण असतात आणि किमान १४ लागतात. कानाचा पडदा नीट दिसतो का ते बघा. मुलांमध्ये हर्निया किंवा हायड्रोसील, व्हेरिकोसील असे अंडकोशाचे विकार, हे लपून बसलेलं असतं आणि लाजेपायी घरात कुणी बोलत नाही. तपासणीच्या खोलीत ते बाहेर येतंच. ऑपरेशन करून बरं होणारं असेल तर त्यानंतर शरीराला काही महिने द्यावे लागतात. ते महिने अकरावीत मिळतात, निकालानंतर मिळत नाहीत. गुडघे जुळवून उभं केलं की घोट्यांमध्ये किती अंतर पडतं, तळपाय सपाट आहेत का, हे तर घरच्या ओट्यावरही कळतं.

वजनाचं तेच. वर्षभर वडापाव आणि शेवटचे आठ दिवस फक्त ताक, असं करून आलेली पोरं मी काट्यावर चढताना पाहिली आहेत. चेहरा उतरलेला, रक्तदाब भलताच, आणि वजन तरीही जास्तच. रोज सकाळी चार किलोमीटर पळा, याला दुसरा उपाय नाही. घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. पण फौज कंटाळा न करणाऱ्यांचीच असते.

बाँड न वाचता सही करणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे पालकांचा ठरलेला प्रश्न: “साहेब, पैसे भरून नंतर सुटता येतं ना?”

हा प्रश्न प्रवेशाच्या आधीच ज्याच्या तोंडी येतो, त्याने अर्ज करू नये असं माझं ठाम मत आहे. बाँड म्हणजे सेवा करीन, नाहीतर ठरलेली रक्कम भरीन असं लेखी बंधन. ती रक्कम अर्ध्या कोटीहून जास्त आहे. शिक्षण अर्ध्यावर सोडलं तरी ती भरावी लागते आणि डॉक्टर झाल्यावर नोकरी नाकारली तरी भरावी लागते. सही मुलाची असते, तशी पालकांचीही. पण मला पैशांपेक्षा जागेचं वाईट वाटतं. १४५ जागांपैकी एक जागा अशा पोराने अडवली की रांगेत मागे उभा असलेला, खरोखर फौजेत जाऊ पाहणारा एक पोरगा बाहेर राहतो. पुढे लेहच्या किंवा तेजपूरच्या रुग्णालयात एक डॉक्टर कमी पडतो. तो कमी पडला की काय होतं ते मी वॉर्डात उभं राहून पाहिलेलं आहे.

सेवा दोन प्रकारची असते. कायम कमिशन किंवा अल्पमुदतीचं कमिशन. अल्पमुदतीचं म्हणजे सात वर्षं. कायम कमिशन म्हणजे आयुष्याची नोकरी. काय मिळेल ते गुणक्रम आणि तुमची पसंती यावर ठरतं, म्हणजे आपल्याला हवं तेच मिळेल असं धरून चालू नका. भूदल, नौदल, हवाई दल यांतलं काय वाट्याला येईल तेही घरी बसून ठरवता येत नाही. शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही.

माझी पद्धत अशी आहे की आई, वडील आणि मूल तिघांना समोर बसवतो आणि बाँडचा मसुदा मोठ्याने वाचायला लावतो, तोही मुलालाच. प्रत्येक कलमानंतर थांबून आईला विचारतो, “ताई, कळलं का?” तास-दीड तास जातो. काही घरं त्या दीड तासातच मागे फिरतात आणि ते योग्यच असतं. ज्यांना फौज आवडते पण आत्ता एवढं बांधून घ्यायचं धाडस होत नाही, त्यांना दुसरी वाट आहे. बाहेरून एमबीबीएस करा आणि मग आर्मी मेडिकल कोअरच्या अल्पमुदतीच्या कमिशनला अर्ज करा. तिथे सुरुवातीची मुदत पाच वर्षांची आहे. खर्च तुमचा होईल, पण निर्णय डॉक्टर झाल्यावर, जाणत्या वयात घ्याल.

नीट दिली म्हणजे अर्ज झाला असं समजणं

नाही झाला. एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तिथे एएफएमसीचा पर्याय निवडावा लागतो, आणि तोही पहिल्या फेरीच्या मुदतीत. आपल्याकडची बहुतेक पोरं राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत गुंतलेली असतात. त्यांना वाटतं तिथे भरलं म्हणजे सगळीकडे भरलं. या दोन अगदी वेगळ्या प्रक्रिया आहेत.

यालाच चिकटून आणखी एक. राज्याच्या फेरीत कुठे जागा मिळाली की मूळ कागदपत्रं त्या महाविद्यालयात जमा होतात, आणि इकडे पुण्याला मूळ कागद दाखवायला बोलावतात. तारखा एकमेकींवर आल्या की धावपळ उडते. दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवा. मोबाईलमध्ये नको, मोबाईल पोराच्या हातात असतो आणि कागद सगळ्या घराच्या डोळ्यांसमोर.

पात्रतेतल्या छोट्या ओळी

बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली लागते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून किमान ६० टक्के, प्रत्येकात किमान ५० आणि इंग्रजीतही ५०. दहावीला गणित उत्तीर्ण हवं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. ‘नीटच सगळं ठरवते, बारावी काढून टाकू कशीबशी’ असं शिकवणाऱ्या क्लासवाल्यांपासून चार हात लांब राहा.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि नीटच्या अर्जात वडिलांचं नाव गायब, असं असेल तर आजच सरळ करून घ्या.

जत्रेत दंडावर गोंदवून घेऊ नका. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतं, बाकी ठिकाणी अडचण येते.

इंग्रजीची धास्ती आणि पाठ केलेली मुलाखत

नीट मराठीतून देता येते, ही फार चांगली गोष्ट झाली. पण पुण्याला बोलावल्यावर संगणकावर एक परीक्षा असते, इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्क यांची. ४० प्रश्न, ८० गुण, ३० मिनिटं, आणि चुकलं तर अर्धा गुण जातो. मराठी माध्यमाचं पोर इथे अडखळतं ते हुशारी कमी असते म्हणून नव्हे, वाचायचा वेग कमी पडतो म्हणून. आठ दिवसांचा क्रॅश कोर्स विकत घेऊन वेग येत नाही. अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घड्याळ लावून वाचा, अडलेले शब्द वहीत लिहा. मी पोरांना ती वही दर रविवारी आणायला लावतो. वही आणायचा कंटाळा करणारा पुढे फार टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर मानसशास्त्रीय चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत. इथे सगळ्यांचं एकच पाठ केलेलं उत्तर असतं, ‘देशसेवा करायची आहे’. समोर बसलेल्यांनी ते सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं. आदर्श कोण विचारलं की आपली मुलं लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचं नाव घेतात. नाव अगदी योग्य आहे. त्या याच महाविद्यालयात शिकल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पण त्या कशाच्या डॉक्टर, असं विचारलं की पोर गप्प. त्या बालरोगतज्ज्ञ आहेत, लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांत त्यांचं काम आहे. नाव घ्यायचं तर माणूस वाचून जा.

अपशिंग्याच्या एका मुलीने मला सांगितलं होतं, तिच्या आजोबांचा पाय युद्धात गेला आणि ते अजूनही त्यांच्या लष्करी डॉक्टरांची आठवण काढतात. मी म्हटलं, बाळ, हेच सांग, अशाच शब्दांत सांग. तिला काही पाठ करायला लागलं नाही.

‘तपासणीच्या मंडळात आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देणं

अशी ओळख नसते. पैसे मागणारा माणूस तुमचं पोर आपल्या गुणांवर पास झालं तर पैसे ठेवतो आणि नापास झालं तर फोन बंद करतो. त्याला दारातूनच परत पाठवा.

अपात्र ठरवल्यावर रडत घरी येणं

पहिल्या तपासणीत अपात्र म्हटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. अपील करता येतं आणि दुसरं मंडळ पुन्हा तपासतं. पण ते मागावं लागतं, आणि मुदतीत मागावं लागतं. धक्क्यात पोरं कागदावर सही करून तडक स्वारगेट गाठतात, आणि कागदावर काय लिहिलंय ते घरी आल्यावर वाचतात.

कोरेगावच्या एका मुलीला कानातल्या मळामुळे अपात्र ठरवलं होतं. पडदाच दिसत नव्हता, तर डॉक्टर लिहिणार काय? तिच्या वडिलांनी तिथूनच फोन लावला. मी त्यांना चार गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या: अपात्रतेचं नेमकं कारण तिथल्याच शब्दांत, अपील कुणाकडे करायचं, किती दिवसांत, आणि फेरतपासणी कुठल्या रुग्णालयात. दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान साफ करून घेतला आणि पडदा शाबूत असल्याचं लिहून घेतलं. फेरतपासणीत ती पात्र ठरली. तुमच्या बाबतीतही असं झालं तर फाटकाबाहेर पडायच्या आधी या चार गोष्टी कागदावर उतरवा, आणि त्यानंतरच परतीची गाडी पकडा.